हाफ्निअम ते ऑस्मिअम : घनतामापनाची नोंद

माझ्या मूलद्रव्यांच्या संग्रहात सहाव्या आवर्तातील, म्हणजे आवर्त सारणीच्या सहाव्या आडव्या ओळीतील, जड संक्रमण धातूंचे काम आता बरेच पुढे सरकले आहे. हाफ्निअम, टँटलम, टंगस्टन आणि रेनिअम यांचे नमुने दाखल झाले असून प्रत्येकाची घनता मोजून ती प्रमाण आकड्याशी ताडून पाहणे चालू आहे. डबीवरच्या चिठ्ठीपेक्षा घनतेची साक्ष मला अधिक भरवशाची वाटते. मात्र ही साक्ष कुठवर पुरते, हेही याच ओळीत नीट कळते.

पद्धत साधी आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि नमुना बारीक दोऱ्याने असा सोडायचा, की तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काट्यावर उमटणारे ग्रॅम म्हणजे नमुन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वस्तुमान, अर्थात जवळजवळ तितकेच घन सेंटिमीटर आकारमान.

सर्वांत समाधान दिले ते हाफ्निअम आणि आवर्त सारणीत त्याच्या लगेच वर बसणारे झिर्कोनिअम या जोडीने. झिर्कोनिअमची घनता ६.५२ आणि हाफ्निअमची १३.३१ (सर्व घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये), म्हणजे दुपटीहून थोडी अधिक. अणुभार मात्र ९१.२ आणि १७८.५, म्हणजे दुपटीला किंचित कमीच. अणूचे वजन जवळजवळ दुप्पट होऊनही त्याची त्रिज्या वाढलेली नाही, कारण मधल्या लॅन्थनाइड मूलद्रव्यांत (हाफ्निअमच्या आधीची दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये) ४एफ कक्षक, म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनांच्या आतल्या जागा, भरत जाताना ते इलेक्ट्रॉन वाढत्या केंद्रकीय प्रभाराला पुरेसे झाकू शकत नाहीत आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. याच लॅन्थनाइड आकुंचनामुळे हाफ्निअम झिर्कोनिअमच्या खनिजांत बेमालूम मिसळून राहिले. ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य दुर्मिळ मृदांपैकी नसून झिर्कोनिअमचे सगोत्र असले पाहिजे, हा नील्स बोर यांच्या अणुरचनेचा निष्कर्ष होता. १९२३ मध्ये डर्क कॉस्टर आणि जॉर्ज द हेवेशी यांनी कोपनहेगन येथे झिर्कोनिअमच्या खनिजातच त्याच्या क्ष-किरण रेषा शोधून काढल्या. रासायनिक दृष्ट्या इतके सारखे असलेले हे दोघे अणुभट्टीत मात्र परस्परविरुद्ध वागतात : झिर्कोनिअम न्यूट्रॉन जवळजवळ शोषतच नाही, म्हणून त्याच्या मिश्रधातूच्या नळ्यांत इंधन भरतात, हाफ्निअम ते भरपूर शोषते, म्हणून त्याच्या नियंत्रक कांड्या करतात.

माझा हाफ्निअमचा तुकडा आयोडाइडच्या विघटनातून मिळवलेल्या स्फटिकी कांडीचा आहे. त्याच्या खाचाखोचांत हवेचे बुडबुडे अडकून आकारमान फुगते, म्हणून पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून तुकडा दोऱ्यावर हलकेच झटकावा लागतो. वस्तुमान २४.६२ ग्रॅम, आकारमान १.८६ घन सेंटिमीटर, घनता १३.२४, काट्याच्या मर्यादेत हा आकडा मला मान्य आहे.

टंगस्टनच्या घनाबद्दल एवढेच, की 'टंगस्टन' म्हणून मिळणारे पुष्कळसे घन निकेल-लोह बंधक असलेल्या जड मिश्रधातूचे असतात. त्यांची घनता १७ ते १८.५ च्या आसपास भरते आणि चुंबक त्यांना थोडासा ओढतो, त्यामुळे १९.२५ हा आकडा न आल्यास आधी चुंबक लावून पाहावा.

टँटलमची पट्टी मोजून झाल्यावर तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवला. खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात पट्टी धन टोकाला जोडून व्होल्टता सावकाश वाढवत नेली, तेव्हा रंग तपकिरीवरून जांभळ्यावर आणि मग निळ्यावर सरकला. हा रंग कोणत्याही रंगद्रव्याचा नसून पारदर्शक थरातील व्यतिकरणाचा (थराच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्याचा) आहे, आणि थराची जाडी व्होल्टतेच्या प्रमाणात वाढत असल्याने तो हवा तिथे थांबवता येतो. टँटलम कपॅसिटरमध्ये विद्युतरोधक म्हणून काम करतो तो हाच ऑक्साइड.

रेनिअमपाशी पद्धत पांगळी होते. माझा मणी १ ग्रॅमचा आहे, २१.०२ घनतेने त्याचे आकारमान ०.०५ घन सेंटिमीटरहूनही कमी भरते आणि काट्याची शेवटच्या अंकातील एका घराची (०.०१ ग्रॅमची) चूक निकालात वीस टक्क्यांची होते. १९२५ मध्ये हे मूलद्रव्य शोधणाऱ्या नोडाक दांपत्याला पुढे पहिला एक ग्रॅम मिळवण्यासाठी ६६० किलो मॉलिब्डेनाइट (मॉलिब्डेनमचे खनिज) खर्ची घालावे लागले होते, हे आठवले की मोठ्या मण्याचा हट्ट आपोआप मागे पडतो.

इरिडिअम आणि ऑस्मिअम अजून यायचे आहेत. स्मिथसन टेनंट यांनी १८०३ मध्ये दोन्ही एकाच काळ्या गाळात शोधले. प्लॅटिनम अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवल्यावर तो गाळ तळाशी उरत असे. इरिडिअम आणि ऑस्मिअम यांच्या घनता अनुक्रमे २२.५६ आणि २२.५९. हा फरक घरगुती काट्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. अधिक जड कोण, हा वादही अखेर स्फटिकांच्या क्ष-किरण मोजमापांवरून केलेल्या गणितानेच मिटवला. ऑस्मिअमची पूड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ती साध्या तापमानालाही हवेत हळूहळू टेट्रॉक्साइड (ऑस्मिअमचे ऑक्सिजनशी होणारे संयुग) देते आणि त्याची वाफ डोळ्यांना व फुप्फुसांना घातक असते. वितळवून घट्ट केलेला मणी, तोही बंद काचनळीतला, एवढीच माझी तयारी आहे. त्याची घनता मी मोजणार नाही.