टाचेमागची शीर आणि मापाची वही

चैत्र पौर्णिमेला धुळ्याहून सप्तशृंगी गडावर पायी जायचं, हा आमच्या घरातला जुना नेम. सासूबाईंचे गुडघे थकले म्हणून गेल्या वर्षी पहिल्यांदा मी गेले. मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी. ऊन चढायच्या आत अंतर कापायचं म्हणून पहाटे तीनला निघायचं. वाटेत गावोगावचे लोक ताक देतात, पाणी देतात, म्हाताऱ्या बायांचे पाय चेपून देतात. चौथ्या दिवशी उजव्या टाचेच्या वर काहीतरी ओढल्यासारखं व्हायला लागलं. घाट आणि गडावरच्या पाचशेवर पायऱ्या तशाच चढले. आईसमोर उभी राहिले तेव्हा दुखण्याची आठवणही नव्हती.

आठवण झाली घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. खाटेवरून पाय खाली टेकवला आणि टाचेमागे अशी कळ आली की भिंत धरावी लागली. मोरीपर्यंत गेले तोवर पाय थोडा मोकळा झाला, आणि चहा होईपर्यंत दुखणं निम्म्यावर आलं. रोज हेच. या दुखण्याचं हे फसवं आहे. दिवसा बरं वाटतं म्हणून माणूस कामाला लागतो आणि दुसरी सकाळ त्याची वसुली करते. सासूबाई ओट्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "काय व्हयनं वं माय, पाय दुखस का?"

मी शिवणकाम करते. 22 वर्षं पायाच्या मशीनवर काढली आहेत, त्यामुळे दोष मशीनलाच दिला आणि पदर मोडून मोटर बसवून घेतली. उपयोग झाला नाही. गल्लीतल्या एका बाईने शीर चढली आहे म्हणून गरम तेल लावून अंगठ्याने जोरात चोळून दिलं, त्या रात्री झोप लागली नाही. मग डॉक्टर झाले. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. दुखण्याच्या गोळ्या, क्रेप बँडेज आणि 3 आठवडे पूर्ण आराम. आरामात खरोखर बरं वाटलं. चौथ्या आठवड्यात अस्तर आणि बटणं आणायला आग्रा रोडवर एक फेरी मारली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा भिंत धरली. त्या दिवशी मी रडले. पाय कायमचा गेला असंच वाटलं.

दुसऱ्या एका दवाखान्यात दुखऱ्या जागीच स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ म्हणाले. मी तयारही झाले होते. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणारी एक नर्स आहे, तिने हात धरून थांबवलं. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, म्हणाली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

फिजिओथेरपिस्ट मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी मला पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली. पाऊल आपोआप हललं. शीर तुटलेली नाही, म्हणाल्या. तुटली असती तर पाऊल हललं नसतं. शीर तुटताना मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटतं, कधी 'कट्' असा आवाज येतो, त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही. असं झालं तर घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. मग त्यांनी टाचेमागची शीर चिमटीत धरली. टाचेच्या हाडापासून चार बोटं वर, बरोबर तिथेच दुखलं. डाव्या पायाशी ताडून पाहिलं तर उजवी शीर तिथे जाडही झाली होती.

या शिरेला डॉक्टर लोक अ‍ॅकिलीस टेंडन म्हणतात. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही कंडरा, शरीरातली सगळ्यात जाड. पळताना तिच्यावर अंगाच्या वजनाच्या 6 ते 8 पट भार येतो. इतकी मजबूत, पण तिला रक्तपुरवठा तोकडा, म्हणून सावकाश भरते. मॅडमनी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगितलं, "ताई, तिच्यातले तंतू कापडातल्या उभ्या धाग्यांसारखे, ताण्यासारखे, एका ओळीत असतात. सवय नसताना पाच दिवस एवढं चालल्यावर ते विस्कटले. नुसती सूज असती तर गोळ्यांनी गेली असती. हे तंतू पुन्हा ओळीत यायला त्यांना मापात ताण द्यावा लागतो. नुसत्या आरामाने दुखणं झोपतं, पण शीर आणि पोटरी आणखी कमजोर होते." माझे 3 आठवडे कुठे गेले ते तेव्हा कळलं. मशीनचा त्यात काहीच दोष नव्हता.

इंजेक्शनचं विचारलं. या शिरेत स्टिरॉइड टोचलं तर काही दिवस आराम पडतो, पण शीर कमजोर होऊन तुटायचा धोका असतो, म्हणाल्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आधी कोणी विचारला नव्हता. गेल्या काही महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली का? यात्रेच्या तीन आठवडे आधी लघवीच्या जळजळीवर मी सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स केला होता. त्या जातीच्या औषधांनी काहींच्या शिरा दुखावतात, क्वचित तुटतातही. माझ्यात तेच झालं असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण पुढे कुठल्याही डॉक्टरला हे सांगायचं, अशी ताकीद मिळाली. साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासायला लावलं, कारण दोन्ही वाढलं की शिरा बिघडतात. उपाशीपोटीची साखर किंचित वर निघाली. ते वेगळं प्रकरण सुरू झालं, पण वेळेत कळलं.

व्यायाम ऐकायला साधा. पहिले दोन आठवडे भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलायच्या आणि 45 सेकंद तसंच थांबायचं, 5 वेळा. मग टाचा वर-खाली, 15 चे 3 फेरे. मग खरा व्यायाम, ओट्याच्या पायरीवर. चवडे कडेवर ठेवायचे, दोन्ही पायांनी वर जायचं, डावा पाय उचलायचा आणि उजवी टाच एकटीनेच, अगदी हळू, पायरीच्या खाली उतरवायची. 15 चे 3 फेरे गुडघा ताठ ठेवून, 3 गुडघा वाकवून, सकाळ-संध्याकाळ. दिवसाचे 180 होतात, आणि हे 12 आठवडे. 1998 साली स्वीडनचे हाडांचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी पळणाऱ्या लोकांवर ही पद्धत वापरून प्रसिद्ध केली, तीच ही.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. माझं बघून माझ्या जाऊबाईंनीही हाच व्यायाम सुरू केला आणि त्यांचं दुखणं वाढलं. त्यांचं दुखत होतं थेट टाचेच्या हाडावर, शीर चिकटते तिथे. तशा दुखण्यात टाच पायरीखाली उतरवायची नसते, सपाट जमिनीवरच व्यायाम करायचा असतो. दुसऱ्याचा व्यायाम उचलू नका. आधी आपलं दुखणं नेमकं कुठे आहे ते दाखवून घ्या.

व्यायाम करताना दुखतं. दुखलं की थांबायचं, हेच आपण शिकलेले. मॅडमचा हिशोब वेगळा होता. शून्य ते 10 मध्ये 5 पर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते पहिल्या जागेवर यायला हवं. नाही आलं तर कालचं काम जास्त झालं. हा आकडा मी मापाच्या वहीत लिहायला लागले. एका बाजूला गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाही, आणि समासात माझी सकाळ: 6, 6, 5, 6, 4. एकदा सहज गळ्यातली टेप पोटरीला लावली. डावी साडेतेरा इंच, उजवी तेरा. अर्धा इंच पोटरी आरामाने खाल्ली होती. तेही लिहून ठेवलं.

सपाट रबरी चप्पल सुटली. बंद बुटात टाचेखाली एक सेंटीमीटरची फोमची गादी मीच कापून बसवली, दोन्ही पायांत सारखी. कापड बेतायच्या टेबलापाशी फरशीवर अनवाणी उभं राहणंही बंद केलं.

जूनमध्ये सगळं उलटलं. शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांची गर्दी, दिवसभर उभं राहून कटिंग, आणि 8 दिवस व्यायाम चुकला. मग एका दिवसात भरून काढायला गेले. वहीत 7 लिहावं लागलं. मॅडम रागावल्या नाहीत. दोन पायऱ्या मागे या, पण थांबू नका, म्हणाल्या. परत सपाट जमिनीवर, परत 45 सेकंद. पंधरा दिवसांत पुन्हा ओट्यावर आले. जुलै संपता संपता पाठीला दप्तर अडकवून त्यात आधी 2 किलो, मग 5 किलो ज्वारी घालून टाच उतरवायला लागले. सासूबाई तिथेच बसून मोजायच्या. माझा आकडा चुकला तर त्यांचा चुकायचा नाही.

श्रावणात आमची खान्देशातली देवी, कानबाई, घरी बसली. नैवेद्याच्या रोटांचं दळण, पुरणपोळ्या, दिवसभर उभं राहणं झालं, रात्री जागरण. सोमवारी सकाळी पांझरा नदीवर विसर्जनाला चालत गेले आणि चालत आले. फुगडी घातली नाही. मॅडमनी उड्या मारायला अजून वेळ आहे म्हणून सांगितलं होतं. मंगळवारी सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला. "आते कसं वाटस?" सासूबाईंनी विचारलं. भिंत धरली नव्हती. वहीत 1 लिहिलं.

व्यायाम अजून चालू आहे, आठवड्यातून 3 दिवस. काल टेप लावली. डावी साडेतेरा, उजवी सव्वातेरा. पाव इंच बाकी आहे.