माउझर पद्धतीचा बोल्ट: साफ कसा करते, वंगण कुठे लावते

रायफलचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) जड चालायला लागला की हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. पण आत साचून घट्ट झालेलं जुनं तेलच बहुतेक वेळा त्या जडपणाचं कारण असतं. म्हणून माझा जवळजवळ सगळा वेळ जुनं वंगण काढण्यात जातो. नवं लावायला पाच मिनिटं पुरतात. खाली लिहिलंय ते १८९८ च्या माउझरच्या धर्तीवरच्या बोल्टबद्दल: पुढे दोन लॉकिंग लग (बंद बोल्ट अडकवून ठेवणारे उंचवटे), बाजूला लांब पट्टीचा एक्स्ट्रॅक्टर (काडतुसाची पुंगळी, म्हणजे पितळी कवच, ओढून काढणारा आकडा) आणि मागे तीन स्थितींची सेफ्टी.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवते. मॅगझिन रिकामं करते, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघते आणि करंगळी घालूनही तपासते. मग बोल्ट बंद करून, स्प्रिंग ताणलेली असतानाच, सेफ्टी मधल्या उभ्या स्थितीत आणते. मूठ वर करून बोल्ट मागे ओढते आणि डावीकडचा बोल्ट स्टॉप बाहेर खेचून बोल्ट काढून घेते. सेफ्टी उभी असणं महत्त्वाचं, कारण कॉकिंग पीसला (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या मागच्या टोकावरच्या तुकड्याला) तीच मागे धरून ठेवते. आता श्राउडच्या (बोल्टच्या मागच्या टोकावरच्या टोपणाच्या) बाजूची छोटी खिट्टी दाबून श्राउड घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की फायरिंग पिन स्प्रिंगसकट बाहेर येते. सेफ्टी उभी न करता श्राउड फिरवलं तर कॉकिंग पीस घसरून पुढे जातो. तसं झालं तर बोल्ट फडक्यात घट्ट धरायचा, कॉकिंग पीसची खालची कड लाकडी टेबलाच्या काठाला अडकवून मागे ओढायची आणि सेफ्टी पुन्हा उभी करायची.

फायरिंग पिनवरून स्प्रिंग मी दर वेळी काढत नाही. सोडवायची झाली तर पिनेचं टोक लाकडाच्या ठोकळ्यावर सरळ उभं टेकवून श्राउड खाली दाबायचं, कॉकिंग पीस पाव फेरा फिरवायचा आणि दाब हळूहळू सोडायचा. हात तिरका झाला तर टोक वाकतं, आणि हात सुटला तर सुटे भाग उडतात. त्यामुळे डोळ्यांना चष्मा हवाच.

बोल्टच्या तोंडावर काजळी आणि पितळेचा कीस साचतो, विशेषतः एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली. तिथे नायलॉनचा ब्रश आणि काजळी काढणारं सॉल्व्हंट वापरते. कोपऱ्यातला कीस लाकडी काडीने निघतो. हा कीस राहिला तर नख पुंगळीच्या कडेला पूर्ण पकडत नाही आणि पुंगळी चेंबरमध्येच राहते. माउझरचा इजेक्टर (रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा भाग) बोल्टमध्ये नसतो, रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर) असतो. डाव्या लगमधल्या खाचेतून त्याचं पातं पुढे येतं. ती खाचही साफ करायची. ज्या रायफलींच्या बोल्टच्या तोंडात स्प्रिंगवरचा इजेक्टर असतो, तिथे भोकाशी सॉल्व्हंटचा एक थेंब सोडून तो दाबत-सोडत राहायचं, बाहेर येणारा द्रव स्वच्छ दिसेपर्यंत.

बोल्टची नळी आतून चिंधीने पुसते, पुन्हा सॉल्व्हंटने, मग कोरड्या चिंधीने. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत काळं चिकट वंगण असेल तर ते सगळं काढायचं. थंडीत ते गोठल्यासारखं घट्ट होतं, फायरिंग पिनचा वेग कमी होतो, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीवर) उथळ खड्डा पडतो आणि काडतूस उडत नाही. काडतुसाला दोष देण्याआधी स्प्रिंग बघावी. साफ झाल्यावर तेलाचा एक थेंब चिंधीवर घेऊन पिन आणि स्प्रिंग पुसते, बस. बोटाला ओलं लागलं तर तेल जास्त झालं.

रिसीव्हरमध्ये लग जिथे फिरून अडकतात ती पोकळी बहुतेक जण विसरतात. सगळ्यात जास्त कचकच तिथेच असते. सळईला चिंधी गुंडाळून ती पुसताना रायफल उलटी धरते, म्हणजे सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरत नाही. चेंबर शेवटी पूर्ण कोरडं करायचं. गोळी झाडल्यावर पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना धरते. भिंतींना तेल असेल तर ती पकड सुटते आणि मागचा दाब बोल्टवर वाढतो.

ग्रीस तीनच ठिकाणी. लगच्या मागच्या बाजूला, कारण धक्क्याचा भार तीच बाजू घेते: प्रत्येक लगला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं, बोटाने पसरून. बोल्टच्या मागच्या टोकाच्या तिरक्या खाचेला, जिथे मूठ उचलताना कॉकिंग पीस मागे सरकतो. आणि मुठीच्या मुळाशी, जिथे ती रिसीव्हरला घासत पुंगळी सैल करते. बोल्टच्या बाहेरच्या अंगाला फक्त तेलकट फडकं. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टला लगवरचं ग्रीस कधीच चुकवू नये. कोरडे पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडतात आणि ते ओरखडे भरून येत नाहीत. धुळीच्या मैदानात मात्र हात आणखी आखडता घ्यावा, ग्रीसमध्ये मुरलेली धूळ लगना कानसासारखी झिजवते.

जोडताना श्राउड पूर्ण आत जाऊन खिट्टी खाचेत बसली पाहिजे. एकाहून जास्त रायफली एकाच वेळी उघडल्या असतील तर बोल्टवरचा क्रमांक जुळवून मगच घालायचा. बोल्ट बदलला की हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) बदलते. नंतर रिकाम्या रायफलवर सेफ्टी लावून ट्रिगर ओढायचा, सोडायचा, आणि मग ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढायची. त्या क्षणी पिन पडली तर रायफल वापरायची नाही.

पुढच्या सरावानंतर लगवरचं ग्रीस पांढऱ्या कापडावर पुसून बघते. करडं-काळं झालेलं ग्रीस नेहमीचंच. त्यात चमकणारे पोलादाचे कण दिसले, किंवा दोनपैकी एकाच लगवर घासल्याची खूण असली, तर रायफल बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे जाते.