सेकंड हाफ गंडलाय

माझ्या मेहुण्याला सिनेमा कसा वाटला असं विचारलं, की तो आधी गाडीची किल्ली बोटावर दोनदा फिरवतो आणि मग म्हणतो, "दाजी, फर्स्ट हाफ एक नंबर. सेकंड हाफ गंडलाय."

गेल्या दहा वर्षांत हे वाक्य मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. सिनेमा हिंदी असो, मराठी असो, तेलुगूवरून डब केलेला असो. एकदा तर आमच्या लग्नाची सीडी बघतानाही तो हेच म्हणाला होता. सेकंड हाफमध्ये त्याच्या बहिणीची पाठवणी होती.

तो सांगलीहून आला की शनिवारचा शेवटचा शो ठरलेला. मी, बायको, तो, आठवीतला आमचा मुलगा, आणि खालच्या मजल्यावरचे काका. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि सिनेमाला अजूनही 'चित्रपट' म्हणतात. शो सुटल्यावर आम्ही पाचजण तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीभोवती उभे राहतो. दरवाजे उघडे, आत कोणी बसत नाही. खरं तर आम्ही येतो ते या अर्ध्या तासासाठी. वॉचमन पहिल्यांदा लांबूनच शिट्टी मारतो, दुसऱ्यांदा जवळ येऊन मारतो, आणि तिसऱ्यांदा शिट्टी खिशात घालून विचारतो, "कसाय पिक्चर?"

मेहुण्याच्या वाक्याला मी पूर्वी हसायचो. हल्ली वाटतं, आपल्याकडच्या सिनेमाची सगळी समीक्षा त्या तेवढ्याच शब्दांत आहे. जगात बाकी बहुतेक ठिकाणी लोक अख्खा सिनेमा बघतात; आपण दोन अर्धे बघतो आणि दोघांना वेगवेगळे मार्क देतो. मध्यंतराला स्वच्छतागृहाच्या रांगेत पहिल्या पेपरचा निकाल लागतो. "काय वाटतंय?" "बरा चाललाय, बघू आता." हे 'बघू आता' फार महत्त्वाचं. त्यात आशा कमी आणि अनुभव जास्त असतो.

आणि अनुभव काय सांगतो? फर्स्ट हाफमध्ये हीरोचं गाव असतं, एक विनोदी मित्र असतो, त्या मित्राची आई हीरोला स्वतःच्या हाताने घास भरवते (म्हणजे मित्र जाणार, हे थिएटरातल्या लहान पोरालाही कळतं), वडिलांबद्दल काहीतरी लपवलेलं असतं. सगळं कसं छान मांडलेलं. मग इंटरव्हल पॉइंट. हीरो मागे वळतो, पाठीमागे आग, पार्श्वसंगीत छातीवर आदळतं, दिवे लागतात. लोक पॉपकॉर्नकडे धावतात. हिरॉईनही बहुधा त्यांच्याबरोबरच जाते, कारण त्यानंतर ती थेट शेवटच्या दहा मिनिटांत दिसते. मधला सव्वा तास व्हिलनचा अड्डा, एक फ्लॅशबॅक आणि त्या फ्लॅशबॅकमध्ये एक गाणं.

माझा संशय असा, की बऱ्याच सिनेमांची गोष्ट इंटरव्हलपर्यंतच लिहिलेली असते. दिग्दर्शक निर्मात्याला जी ऐकवतो, ती तेवढीच असणार. पुढचं 'करू आपण काहीतरी'.

बायकोचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, दोष सिनेमाचा नाहीच. रात्री साडेअकराला चीज पॉपकॉर्नचा टब आणि वर एक समोसा खाल्लेल्या माणसाला कुठलाही सेकंड हाफ जडच जाणार. यावर मेहुणा दुखावतो, कारण टब त्याच्याच मांडीवर असतो.

पण तिच्या बोलण्यात धंद्याची खरी गोम आहे. तिकिटाच्या पैशात वितरक आणि निर्माता वाटेकरी असतात. पॉपकॉर्नचे पैसे मात्र थिएटरवाल्याचे स्वतःचे. त्यामुळे मध्यंतर बंद करायला तो कसा तयार होईल? २०११ साली 'धोबी घाट' मध्यंतराशिवाय दाखवला होता, पण त्याची प्रथा काही पडली नाही. इंग्रजी सिनेमांत तर मध्यंतराची जागाच लिहिलेली नसते. मग कोणीतरी घड्याळाकडे बघून मधेच कापतो. एकदा पडद्यावर एकजण महत्त्वाचं काही सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच दिवे लागले. पंधरा मिनिटांनी तो उरलेलं वाक्य बोलला तेव्हा त्याची सुरुवात आमच्यापैकी कोणालाच आठवत नव्हती.

काका म्हणाले, "आमच्या वेळी दोन-दोन मध्यंतरं असायची. 'संगम'ला होती. 'मेरा नाम जोकर'ला होती." १९६४ आणि १९७०. काका सालं कधी चुकत नाहीत. "पण जोकर पडला ना, काका?" मेहुणा म्हणाला. "पडला. चार तासांच्या वर होता. पण पडताना त्याचा शेवट दाखवून पडला. तुमचे आजचे शेवटच दाखवत नाहीत."

हा मुद्दा काकांनी जिंकला, हे मान्य करायला हवं. कारण आत्ताची नवी पद्धत म्हणजे सेकंड हाफ गंडण्याची भानगडच नको. तो पुढच्या सिनेमात टाकायचा. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न जुलै २०१५ मध्ये पडला आणि उत्तर एप्रिल २०१७ मध्ये मिळालं. जवळपास पावणेदोन वर्षांचं मध्यंतर. 'पुष्पा'ने डिसेंबर २०२१ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत ताटकळत ठेवलं. त्या मध्यंतरात माझा मुलगा चौथीतून सातवीत गेला. आणि गेल्या डिसेंबरात 'धुरंधर' साडेतीन तास बसून पाहिला, तर शेवटी पुढच्या भागाची मार्चमधली तारीख. काका खुर्चीतून उठता उठता म्हणाले, "म्हणजे हे अजून झालंच नाही?" मागच्या रांगेतला पोरगा वाकून म्हणाला, "आजोबा, हा फक्त फर्स्ट हाफ होता." आमचा मेहुणा त्या रात्री पार्किंगमध्ये अगदी केविलवाणा झाला. त्याचं वाक्यच अडकलं होतं. किल्ली फिरवत राहिला नुसती.

तरी हे तुकड्यांचं प्रकरण आपल्याला नवीन नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं, तेव्हा सातांपैकी पहिले चारच अंक केले होते. दोन वर्षांनी 'सौभद्र'च्या वेळी तेच. आधी तीन अंक, उरलेले दोन नंतर. म्हणजे 'भाग पहिला' हा उद्योग पुण्यात ट्रेलरच्या कितीतरी आधीचा. फरक इतकाच, की त्या प्रेक्षकांना दुष्यंत-शकुंतलेचं आणि अर्जुन-सुभद्रेचं पुढे काय होतं हे घरून येतानाच माहीत होतं. अर्जुनाने सुभद्रेला पळवलं नाही तर, अशी धाकधूक घेऊन कोणी घरी गेलं नसेल.

मध्यंतराचा नाद आपल्याला नाटकाने लावला, असं मला वाटतं. दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकाइतकीच बटाटेवड्याची चर्चा ऐकली आहे. तिथलं मध्यंतर सुटसुटीत: एक वडा, अर्धा चहा, ओळखीच्या माणसाशी दोन वाक्यं, घंटा. नट आत मेकअप पुसत नाही आणि आपण बाहेर मत पक्कं करत नाही. मल्टिप्लेक्सच्या मध्यंतरात मात्र सात जाहिराती, चार ट्रेलर. ते संपेपर्यंत आपण नक्की कुठल्या सिनेमाला आलो होतो तेच आठवेनासं होतं.

आता एक कबुली. मी स्वतः हे वाक्य एकदा बोललो आहे आणि त्याची मला अजून लाज वाटते. 'सैराट' आला २९ एप्रिल २०१६ ला. पहिल्याच आठवड्यात बघितला. 'झिंगाट'ला पुढच्या चार रांगा खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचत होत्या, एकाने शर्ट काढून गरगर फिरवला, डोअरकीपर बॅटरी बंद करून कोपऱ्यात हसत उभा. मग आर्ची-परश्या हैदराबादला पोचले. पत्र्याची खोली, बाहेरचा नळ, उशिरापर्यंत काम, संशय, भांडण. थिएटर चुळबुळायला लागलं. मी शेजारी वाकून बायकोला म्हटलं, "सेकंड हाफ जरा स्लो आहे." ती काही बोलली नाही. शेवटी त्यांचं लहान मूल रक्ताने माखलेल्या पावलांनी बाहेर चालत गेलं आणि आवाज बंद झाला. शर्ट फिरवणारा पोरगा शर्टाची बटणं लावत होता, मान खाली घालून. त्या स्लो हाफमध्ये त्या दोघांचा संसार उभा राहिला होता, म्हणून तर शेवट तसा लागला. पहिल्या अर्ध्यात आपण त्यांच्या प्रेमात पडलो, दुसऱ्या अर्ध्यात त्यांना भाजी चिरताना पाहिलं. ते बघायचा मला कंटाळा आला होता! मराठीतला शंभर कोटींपर्यंत पोचलेला पहिला सिनेमा हा. आणि त्या शंभर कोटींत मी 'स्लो आहे' म्हणत दिलेले पैसेही आहेत.

कोटींचं नाव निघालं म्हणून सांगतो. मुलाच्या वर्गात सिनेमा चांगला की वाईट हा प्रश्नच नसतो. पहिल्या तीन दिवसांत किती, एवढंच. परवा तो मला म्हणाला, "बाबा, तुम्हाला आवडला तो फ्लॉप आहे." मी म्हटलं, मग? तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की हरलेल्या टीमचा टी-शर्ट घालून मी सोसायटीत फिरतोय.

मराठी सिनेमाचं दुखणं तर हाफपर्यंतही पोचत नाही, ते शोपाशीच अडतं. जुलै २०२५ मध्ये हिंदी 'सैयारा' आणि मराठी 'ये रे ये रे पैसा ३' एकाच शुक्रवारी लागले आणि मराठीच्या पडद्यांवरून रण पेटलं. त्यावर काका आणि मेहुणा यांचं जोरात वाजलं. काका म्हणत, आपल्याच राज्यात आपल्यालाच सकाळचा शो? मेहुणा म्हणत होता, "लोकं आली तर देतील की ओ शो. आणा लोकं." दोन महिन्यांनी 'दशावतार' आला, लोक गेले, शो वाढले. मेहुण्याने सांगलीहून फोन केला, "काका, बघा, आली का नाही लोकं?" काका म्हणाले, "एक्याऐंशी वर्षांचा प्रभावळकर जंगलात धावला तेव्हा कुठे आली." तो वाद अजून चालू आहे, दोघांचंही बरोबर असल्यामुळे तो मिटायची शक्यता नाही.

मी मात्र मध्यंतराचा ऋणी आहे. आमच्या तालुक्याच्या गावात एकच टॉकीज होती. पत्र्याचं छप्पर, पुढे बाकडी, मागे खुर्च्या. मध्यंतर झालं की दारं उघडायची, आत बिडीचा धूर आणि बाहेर शेंगदाण्यांची गाडी. काही लोक कंटाळून किंवा शेवटची एसटी गाठायला तिथूनच घरी जायचे. आम्ही पोरं गेटपाशी टपून असायचो. "काका, जाताय? तिकीट द्या की." फाटलेलं अर्धं तिकीट हातात आलं की झालं. डोअरकीपरला सगळं माहीत होतं. तो तिकिटाकडे न बघता आमच्या तोंडाकडे बघायचा आणि मान वळवायचा.

असा एक हिंदी सिनेमा मी सहावीत असताना फक्त सेकंड हाफपासून पाहिला. नाव सांगत नाही, फार काही थोर नव्हता. मी आत गेलो तेव्हा हीरो आधीच तुरुंगात होता, त्याच्या गळ्यात अर्धा तुटलेला ताईत होता आणि एक म्हातारी पोलीस दिसला की थुंकायची. का, ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गाला गोष्ट सांगायची होती. मग मीच पहिला अर्धा रचला. ताईत जत्रेत तुटला. म्हातारीचा मुलगा पोलीसच होता. पाऊस घातला, एक रेल्वे घातली, एक आंधळी बहीण. पोरं डबे उघडायची विसरली. पुढे वर्षभर ती गोष्ट वर्गात फिरत होती, आणि दर वेळी मी रेल्वेचा एक डबा वाढवत होतो.

गेल्या दिवाळीत हे मेहुण्याला सांगितलं. त्याने खिशातून फोन काढला, दोन मिनिटांत तो सिनेमा शोधला आणि टीव्हीला जोडला. मी नको नको म्हणत होतो. सगळे बसले. काकाही वर आले, चिवड्याची वाटी घेऊन. चाळीस वर्षांनी मी फर्स्ट हाफ बघितला. जत्रा नव्हती. रेल्वे नव्हती. म्हातारीला मुलगाच नव्हता, ती नुसतीच थुंकत होती. ताईत हीरो आंघोळ करताना दगडाला लागून तुटला.

पडद्यावर 'मध्यंतर' आलं. मेहुण्याने टीव्ही थांबवला, किल्ली शोधायला खिसा चाचपला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"दाजी, फर्स्ट हाफ गंडलाय."