निसर्ग वादळानंतर घराचे लाकूडकाम: माझा अनुभव

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मी डोंबिवलीत होतो. गावचे घर पाहायला मिळाले ते तीन आठवड्यांनी. निम्मी कौले उडाली होती, रीपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) आणि बरेचसे वासे मोडले होते आणि परसातला फणस पडवीवर आडवा झाला होता. त्याखाली मात्र सागाचे बहुतेक खांब, तुळया आणि आढे (छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड) जसेच्या तसे उभे होते. ज्या लाकडाची जाडी आठ इंच होती ते टिकले आणि ज्याची दोन इंच होती ते गेले, एवढा निष्कर्ष काढायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नव्हती.

तरीही पहिला सल्ला सगळे पाडून स्लॅब टाकण्याचाच मिळाला. किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या आमच्या वाडीत खाऱ्या हवेने सळ्या गंजून फुगलेले आणि गिलावा सोडलेले स्लॅब मी पाहिले होते, त्यामुळे मन तयार होईना. धाकट्या काकांचा आक्षेप आगीचा होता. 1828 मध्ये शनिवारवाडा जळून गेला, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले. आक्षेप रास्त होता, म्हणून मी थोडा अभ्यास केला. जाड लाकूड पेटले की त्याच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर जमतो आणि तो आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. जळण्याचा वेग मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर असतो. म्हणजे आठ इंची खांब अर्धा तास चारही बाजूंनी जळला, तरी आत सोळा सेंटिमीटरच्या आसपास निरोगी गाभा उरतो. उघडे लोखंड मात्र साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला आपली निम्मी ताकद गमावून बसते. याचा अर्थ लाकडी घर जळत नाही असा अजिबात नाही. पातळ फळ्या, पडदे आणि माळ्यावरचा गवताचा साठा हेच आगीचे खरे खाद्य असते. त्यामुळे मी माळा रिकामा केला आणि तुळयांवर खिळे ठोकून फिरवलेली जुनी वायरिंग काढून टाकली.

फणसाचे लाकूड वापरायचे ठरवले, तेव्हा कागदपत्रांचे काम सुरू झाले. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणून आपल्याच परसातले, आपोआप पडलेले झाड असले तरी ते गिरणीवर न्यायच्या आधी मी पंचनामा, सातबारा आणि वनखात्याचा वाहतूक परवाना असा क्रम पाळला. यात दीड महिना गेला. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. फेऱ्या मारण्याची तयारी ठेवावी.

चिरलेला फणस पाहून सुतारकाकांनी त्याला खांबासाठी साफ नकार दिला. ओले लाकूड सुकताना आखडते, पिळते, आणि एवढ्या जाडीचे लाकूड सावलीत सुकायला कित्येक वर्षे लागतात. ते म्हणाले, "भाऊ, फणसाच्या फळ्या करून ठेवा, दारांना होतील. खांब जुनेच आणू." मग तालुक्याच्या वखारीतून पाडलेल्या वाड्यांचे साग घनफुटावर विकत घेतले. ते आधीच सुकलेले, नव्यापेक्षा स्वस्त, आणि त्यांत कूस (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) व खाचा तयार. फक्त आत राहिलेले खिळे शोधण्यात दोन दिवस गेले.

वजनाचा फायदा मला खांब उचलताना कळला. आठ इंच चौरस, दहा फुटी सागाचा खांब साधारण ऐंशी किलोंचा भरतो. तेवढाच काँक्रीटचा खांब तीनशे किलोंच्या घरात जातो. आमच्या गल्लीत क्रेन येत नाही. चार माणसे, दोर आणि दोन जॅक यांवर सगळे काम झाले, आणि जोत्याला हात लावावा लागला नाही.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो माजघराच्या खांबाने, आणि त्यातला दोष माझाच होता. काही वर्षांपूर्वी फरशी बसवताना मी तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, झाकून खांबाभोवती सिमेंट भरून घेतले होते. दिसायला ते सफाईदार झाले, पण जमिनीतली ओल लाकडात कोंडली. सुतारकाकांनी गिरमिटाने भोक पाडले, तेव्हा वर कोरडा भुसा आला आणि खालच्या दीड फुटात काळा चिखल. तुळईला टेकू देऊन त्यांनी खांबाचा कुजलेला पाय कापला, ऐनाचा नवा तुकडा खाच पाडून जोडला, पाचरी मारल्या आणि खांब पुन्हा उघड्या तळखड्यावर ठेवला. वरचा साडेआठ फूट साग माझ्या पणजोबांच्या काळचाच राहिला. मध्ये झोल आलेली एक तुळई त्यांनी उतरवली आणि पालथी घातली, म्हणजे झोल वरच्या अंगाला आला. काँक्रीटच्या तुळईबाबत असा विचारही करता येत नाही, आणि माझ्या मते भारी लाकडाचा हा फायदा बाकी सगळ्यांहून मोठा आहे.

भूकंपाविषयी स्वतःचा अनुभव नाही. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या धक्क्याने मातीच्या भिंतीला तडे गेले, पण छप्पर जागचे हलले नाही, असे आजी सांगत असे. छताचा भार भिंतींवर नसून खांबांवर आहे आणि कुसाचे सांधे थोडे हलू देतात, हे सांगाडा उघडा पडलेला पाहिल्यावर मला पटले.

नवी कौले चढली ती 2022 च्या मे महिन्यात. आता दर वर्षी पावसाआधी मी टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक खांबाचा पाय टोचून पाहतो. गेल्या खेपेला स्वयंपाकघराच्या दाराजवळ वाळवीची बोटभर नळी दिसली. ती मोडून औषध मारले आणि तिथली पाण्याची घागर दुसऱ्या कोपऱ्यात हलवली.