झेनचं हेड उद्यमनगरातून परत आलं

माझ्या मारुती झेनचं इंजिन, हेडसकट (सिलिंडरांवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण), परत गाडीत बसलं, सुरू झालं आणि चौघं बसून वाघबीळचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता पार झाला. आधी आकडे सांगतो, कारण तुम्ही तेच विचारणार. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमीचा ७२.५ झाला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) होता तोच ६१. म्हणजे ९९३ सीसीचे १००७ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पटीनं दाबतो ते, माझ्या मापांनी ८.८ होता, तो ९.३ वर आलाय. गाडी तीच, १९९७ची कार्ब्युरेटरवाली झेन, एमएच ०९.

चौदा सीसी वाढले म्हणून नाचायचं कारण नाही. लायनर (सिलिंडरच्या आतल्या भिंती) झिजले होते, ओव्हरसाईज पिस्टन घालावेच लागणार होते, त्यात ते फुकट आले. मला हात घालायचा होता कॉम्प्रेशनला, आणि त्याचं कारण पंपावर मिळणारं ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.

ई२०ला शिव्या घालणारे आपल्यात कमी नाहीत, आणि मायलेजचं रडगाणं खोटंही नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के गेलेच. पण त्याच इथेनॉलचा ऑक्टेन (आपोआप न पेटता दाब सोसायची ताकद) शंभराच्या वर आहे, आणि त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, त्यामुळे आत येणारं मिश्रण गार राहतं. ई२०च्या मानकात ऑक्टेन ९५ धरलाय. ही झेन कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा साध्या पेट्रोलचा ८७ असायचा. ऊस आपला, साखर कारखाने आपले, मग मायलेजचा तोटा तेवढा सोसायचा आणि ऑक्टेनचा फायदा सोडून द्यायचा, हे कुठलं शहाणपण?

आता मापाचं. हेड सरफेस करायला (घासून सपाट करायला) देण्याआधी चेंबर, म्हणजे हेडमधल्या इंधन जळतं त्या पोकळ्या, मोजलेच पाहिजेत, नाहीतर किती घासायचं ते कशावरून ठरवणार? व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटं ठेवलं. ॲक्रिलिकच्या तुकड्याला कडेजवळ बारीक भोक पाडलं, चेंबरच्या काठाला ग्रीसचा पातळ थर दिला आणि तुकडा दाबून बसवला. शाळांना प्रयोगाचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून ५० मिलीचं ब्युरेट आणलं होतं, त्यात भरलं पातळ केलेलं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. लालभडक असल्यामुळे हवेचा बुडबुडा लपत नाही. हेड जरा कलतं ठेवायचं, भोक सगळ्यात वरच्या अंगाला येईल असं, म्हणजे शेवटचा बुडबुडा आपोआप तिथंच येतो. वाचन आलं २६.८, २६.४, २७.३, २६.६. तिसरा चेंबर मोठा, कारण आधी कुणीतरी त्याच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) इतक्या खोल कापल्या होत्या की व्हॉल्व्ह आत बुडाले होते. कॉम्प्रेशन टेस्टला तोच सिलिंडर ११८ पीएसआय दाखवत होता, बाकीचे १४०च्या आसपास.

चेंबरच्या मापात गॅस्केटची जागा मिळवायची, साधारण ५ सीसी. एका सिलिंडरचे २४८.४ सीसी त्या बेरजेनं भागले की ८.८ मिळतात, एक मिळवायला विसरू नका. अर्धा मिलिमीटर घासला की चेंबरमधून १.७ सीसीच्या आसपास जातात. त्याहून जास्त घासायचं धाडस मी केलं नाही. टायमिंग बेल्टची लांबी तीच राहते आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खाली येतो, त्यामुळे व्हॉल्व्हचं टायमिंग मागं पडतं. अर्ध्या मिलिमीटरला क्रँकवर जेमतेम एक अंश, तेवढं चालतं.

उद्यमनगरात ज्या मामांकडे हे काम दिलं, त्यांच्याकडे एरवी ट्रॅक्टरचे आणि ऑइल इंजिनचे ब्लॉक पडलेले असतात. माझं हेड एका हातात उचलून त्यांनी विचारलं, “हे काय लेका, पंपाचं आणलंस?” पण मशीनवर चढवल्यावर चेष्टा बंद. आधी फक्त दशांश मिलिमीटरचा हलका कट मारला आणि मला बोलावलं. चारी बाजूंनी ॲल्युमिनियम चकचकीत झालेलं, आणि दोन-तीन नंबरच्या मधोमध बोटाएवढा काळपट डाग तसाच. तिथं कटर टेकलंच नव्हतं. म्हणजे हेड मध्ये दबलेलं होतं. “जुनं गॅस्केट इथनंच श्वास घेत असणार बघ,” मामा म्हणाले. जुनं गॅस्केट मी ठेवलं होतं. त्याच जागी काजळी.

सीट ३०-४५-६० अशा तीन कोनांत कापून घेतल्या. ४५ अंशांची पट्टी इनटेकला १.२ मिमी, एक्झॉस्टला १.५. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते, म्हणून तिथं पट्टी रुंद ठेवायची. तिसऱ्या सिलिंडरला नव्या सीट रिंगा ठोकल्या. लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं) झाल्यावर पोर्टमध्ये, म्हणजे हवा-धुराच्या वाटेत, पेट्रोल ओतून ठेवलं, चहा पिऊन आलो, चेंबरच्या बाजूला ओल नाही. लहान भरलेले चेंबर टूलनं किंचित खरवडून चारी २५.१ सीसीवर आणले.

पोर्टिंग, म्हणजे त्या वाटा घासणं, म्हणाल तर फक्त मॅनिफोल्ड आणि हेड जुळतात तिथली पायरी काढली. इनटेक आरशासारखा पॉलिश करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोलचे थेंब भिंतीला लागतात आणि जरा खरखरीत भिंत ते उडवायला मदत करते. एक्झॉस्टला हवं तेवढं घासा.

खरी डोकेदुखी कार्ब्युरेटरची. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर सांभाळून घेतो, कार्बला कसलं आलंय ते? ई२०ला त्याच हवेत जवळजवळ आठ टक्के जास्त इंधन लागतं, आणि जुना जेट (कार्बमधला इंधन सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) तेवढं सोडत नाही, म्हणून गाडी लीन चालते (हवा जास्त, इंधन कमी), खोकते आणि गरम होते. लोक म्हणतात ई२०नं पॉवर गेली. निम्मी तरी जेटमुळे गेलेली असते. जेटचं भोक क्षेत्रफळावर चालतं, व्यासावर नाही. आठ टक्के इंधन वाढवायला व्यास चारच टक्के वाढवायचा, १०० नंबरचा असेल तर १०४. मित्राचा वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लावून बघितलं, पण लॅम्डावर (१ म्हणजे हवा-इंधन नेमकं, त्याखाली इंधन जास्त), साध्या पेट्रोलच्या १४.७ या हवा-इंधन प्रमाणावर नाही, कारण ई२०साठी तो आकडा लागू होत नाही. पूर्ण थ्रॉटलला ०.८७, सरळ रस्त्यावर सावकाश चालवताना १च्या आसपास. गाडी २०००च्या आधीची असल्यामुळे पीयूसीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ३ टक्के आहे, आयडलला त्याच्या पुष्कळ खाली आहे.

रबराचे पाईप सगळे बदलले, जे३० आर९ या इंधन-पाईपच्या मानकाचे घातले. ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम आणि निडल व्हॉल्व्हचं टोकही नवं. जुनी रबरं इथेनॉलनं फुगतात. आणि पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे जुलैत हवेत पाण्याशिवाय असतं काय?

आता कॉम्प्रेशन टेस्टला १७२, १७४, १७१, १७३ पीएसआय. रत्नागिरीचा कुणी असंच काम करून १८५ सांगत असेल तर त्याचं इंजिन सरस ठरत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं हवेचा दाबच सहा टक्क्यांनी कमी.

डायनोवर चढवलेली नाही, म्हणून घोड्यांचा आकडा मी सांगणार नाही. ८.८वरून ९.३ हा फायदा कागदावर दोन टक्क्यांच्याही आत येतो, हे आधीच कबूल. चढावर जो फरक कळतोय तो बहुतेक सीटचा, रिंगांचा आणि जेटचा आहे. जाळ अन् धूर संगटच पाहिजे असेल तर हा खेळ तुमचा नाही. इस्टीमचं १३०० सीसी इंजिन टाक असं मला निम्म्या गावानं सुचवलं. बसतं ते, नाद खुळाच आहे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरटीओची परवानगी, आरसीवरची नोंद, विमा, आणि शिवाय त्या ताकदीला पुरणारे ब्रेक. ओव्हरसाईज पिस्टन ही दुरुस्ती असते, इंजिन बदलणं हे बांधकाम.

एक काटा राहिलाय. चौथ्या गिअरमध्ये चाळिशीला एकदम पाय दाबला की बारीक टिकटिक येते, इंधन आपोआप पेटल्याची. टायमिंग लाईटनं बघितलं तर सुरुवातीचा ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) बरोबर, वेगाबरोबर तो वाढवणारा मेकॅनिकल ॲडव्हान्सच लवकर उघडतोय, डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्यात. पन्हाळ्याच्या चढाला येत नाही, सपाटीवर येते. तोवर दोन अंश मागं घेऊन चालवतोय. कार्बच्या झेनचा जुना डिस्ट्रिब्युटर कुणाकडे पडून असेल तर कळवा, व्हॅक्यूमचा डबा फुटका असला तरी चालेल, मला स्प्रिंगाच हव्यात.