ठोंब्या

द हू या इंग्लिश बँडचे जुने व्हिडिओ बघितलेत का कधी? पीट टाउनशेंड हात पंख्यासारखा गरागरा फिरवत गिटार झोडपतोय, रॉजर डाल्ट्री वायर धरून माइक गोफणीसारखा भिरकावतोय, किथ मूनची ड्रमसेटशी अक्षरशः हाणामारी चाललीय, आणि स्टेजच्या एका कडेला एक माणूस ठाणे स्टेशनवर स्लो लोकलची वाट बघत असल्यासारखा ढिम्म उभा. तो जॉन एन्टविसल. बेस गिटार, म्हणजे खर्जातले सूर काढणारी गिटार, वाजवायचा. हलायची फक्त बोटं, बाकी सगळा कारभार ठप्प.

मजा अशी की या ठोंब्याचाच आवाज सगळ्यात मोठा असायचा.

१९४४ चा जन्म, लहानपण लंडनच्या चिझिकमध्ये. आई पियानो वाजवायची, वडील ट्रम्पेट, त्यामुळे पोरगंही पियानो, ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न शिकलं, आणि पुढे नोकरी कुठे केली तर चक्क टॅक्स ऑफिसात. तारांवर उजव्या हाताची सगळी बोटं आपटून वाजवायची त्याची एक पद्धत होती, तिला टाइपरायटर म्हणायचे. ती त्या ऑफिसातूनच आली असणार अशी माझी आपली शंका, पुरावा काही नाही. बोटं जाडी म्हणून साध्या गिटारवरून बेसकडे आला आणि पहिला बेस घरीच बनवला.

बेसवाल्यांचं एक दुखणं असतं. आपल्याकडे गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात बघा ना, कीबोर्डच्या मागे एक जण मान खाली घालून वाजवत असतो, त्याच्याकडे एकही डोकं वळत नाही, सगळे सिंगरकडे. तो वाजवतोय हे कळतं पण काय वाजवतोय ते कळत नाही, नुसतं घुमतं. एन्टविसलचं सगळं आयुष्य मला वाटतं या एकाच तक्रारीवर गेलं, की बाबांनो खर्जातला असला तरी माझा प्रत्येक सूर सुटा सुटा ऐकू आला पाहिजे. त्याने घेतलेली, मोडलेली, जोडलेली सगळी वाद्यं याच एका हट्टापायी.

१९६५ चं 'माय जनरेशन' घ्या. रॉकच्या गाण्यात मधेच बेसचा सोलो, हे तेव्हा कोण करत होतं! त्याला हवा होता टणत्कार, म्हणून त्याने डॅनइलेक्ट्रो कंपनीचा बेस घेतला, त्याच्या तारा बारीक होत्या. आता एवढ्या जोरात वाजवल्यावर तार तुटणार नाही तर काय, तुटली. आणि तसली तार लंडनमध्ये सुटी मिळेना. मग गड्याने काय करावं, तर तारेसाठी नवा अख्खा बेस आणला! तोही तुटला. परत आणला. शेवटी दुकानातले बेसच संपले, तेव्हा कुठे फेंडर कंपनीचा जॅझ बेस घेऊन सोलो रेकॉर्ड झाला, असं तो स्वतः सांगायचा.

पुढच्याच वर्षी थेट रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीकडे गेला आणि त्यांच्यासोबत बसून हव्या तशा तारा करून घेतल्या. तोवर बहुतेक बेसना गुळगुळीत तारा असायच्या, वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, त्यांचा आवाज गोल आणि दबका. याच्या तारांना गोल वायरचे वेढे, बोट फिरवलं की खरखरीत लागतात, आवाज पियानोसारखा खणखणीत. आज रॉक वाजवणाऱ्या बहुतेक बेसवर गोल वेढ्यांच्याच तारा असतात.

पण माझा सगळ्यात लाडका म्हणजे त्याचा फ्रँकेनस्टाइन नावाचा बेस, नाव त्या तुकडे जोडून बनवलेल्या राक्षसाच्या गोष्टीवरून. पाच मोडक्या फेंडर प्रिसिजन बेसचे अवयव गोळा केले, एकाची मान, दुसऱ्याचं धड, तिसऱ्याच्या आतलं वायरिंग, आणि स्क्रू ड्रायव्हर अन् सोल्डरिंग आयर्न घेऊन दोनेक तासांत त्यातनं एक गुलाबी बेस उभा केला. गुलाबी! पुढे अलेम्बिक कंपनीचे बेस आले, बझार्ड नावाचा टोकदार पंखांचा बेस आला, तो तर त्याने स्वतःच डिझाइन केलेला, दिसायला एकदम खतरनाक. पण जुगाड तो जुगाड.

माझ्या भाच्याने मध्यंतरी बेस घेतला. ताईचं घर घोडबंदर रोडला, कासारवडवलीला. आईने पेटी उघडल्या उघडल्या विचारलं, "अरे, चारच तारा? दोन कुठे गेल्या?" तो म्हणाला, "आजी, याला चारच असतात." "मग पैसे कमी घेतले का त्याने?" आता काय बोलणार. त्याने सगळ्यात जाड तार छेडली, तिचा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा, मोबाइलच्या स्पीकरमधनं हा सूर धड येतच नाही, पण इथे ॲम्पवर वाजला आणि ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण किणकिणायला लागलं. आईने झाकणावर हात ठेवला, थांबलं. हात काढला, परत सुरू. मग तिलाच मजा वाटायला लागली.

२७ जून २००२ ला लास वेगासच्या हॉटेलात एन्टविसल गेला, हृदयविकार आणि त्यात कोकेन. वय ५७. दुसऱ्या दिवशी बँडचा अमेरिका दौरा सुरू होणार होता. त्याच्या जागी पीनो पॅलाडिनो या बेसवाल्याला बोलावलं आणि १ जुलैला 'हॉलिवूड बोल' या खुल्या थिएटरात बँड स्टेजवर हजर. काहींना ही घाई खटकली, मला नाही खटकली, वाजवणारी माणसं वाजवूनच सुतक पाळणार. पुढच्या वर्षी सदबीजने लंडनला त्याच्या वाद्यांचा लिलाव केला, त्यात तो गुलाबी फ्रँकेनस्टाइनही गेला, आणि हे मात्र मला अजून पटलेलं नाही. एवढ्या हट्टाने जमवलेला गोतावळा, एकत्र राहायला हवा होता.

अर्थात आपण कुठे ठेवणार होतो म्हणा. इथे भाच्याच्या एका बेसवर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता, "रविवारी दुपारी ड्रिलिंग कोण करतंय? कृपया नियम पाळा." ताईने त्याला अंगठा दिला आणि गप्प बसली.