जाहिरात आठवते, पण तपासणी कोणी केली?

गे आणि बायसेक्शुअल पुरुषांसाठीच्या लैंगिक आरोग्य मोहिमेचा अहवाल उघडला की सुरुवातीलाच इम्प्रेशन्सचा, म्हणजे जाहिरात किती वेळा पडद्यावर झळकली याचा, भलामोठा आकडा भेटतो. तो खुशाल सोडून द्या. एकाच माणसाने डेटिंग ॲप वीसदा उघडलं तरी वीस इम्प्रेशन्स मोजली जातात. खरा फसवा आकडा त्याच्या पुढे असतो: ‘जाहिरात पाहिलेल्यांनी जास्त तपासण्या केल्या.’

सॅन फ्रान्सिस्कोत २००२ साली सिफिलिसच्या तपासणीसाठी ‘हेल्दी पेनिस’ मोहीम निघाली. चित्रपट्टी, थट्टेचा सूर आणि सिफिलिसचा व्रण हेच एक पात्र. २००६ मध्ये छापून आलेल्या मूल्यमापनात असं दिसलं की ज्यांना मोहीम जास्त ठाऊक, त्यांनी गेल्या सहा महिन्यांत तपासणी केलेली असण्याची शक्यताही जास्त. छान. पण जो एरवीही क्लिनिकमध्ये जातो, त्याला तिथल्या भिंतीवरचं पोस्टर दिसणारच. दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत विचारले की आधी काय घडलं ते कळायला मार्ग उरत नाही.

म्हणून प्रश्नावलीइतकाच भर क्लिनिकच्या नोंदींवर द्यावा. मोहिमेआधीच्या किमान बारा महिन्यांचे महिनावार आकडे हवेत, नाहीतर सणासुदीचा चढउतार मोहिमेच्या खात्यावर जमा होतो. तुलनेला त्याच क्लिनिकमध्ये येणारे इतर पुरुष आणि स्त्रिया घ्या. त्यांच्याही तपासण्या तेवढ्याच वाढल्या असतील, तर कारण कदाचित वाढवलेल्या वेळा किंवा नवीन मोफत किट असेल. एकूण तपासण्यांपेक्षा पहिल्यांदाच आलेले आणि वर्षभरात न आलेले वेगळे मोजा. प्रेप (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध) घेणारे साधारण दर तीन महिन्यांनी तपासणीला येतातच. त्यांची संख्या वाढली की मोहिमेशिवायही आलेख वर जातो. निदान झालेल्या रुग्णांची संख्या वाढली म्हणून मोहीम फसली असंही नाही. जास्त शोधलं की जास्त सापडतं.

प्रश्नावली करायचीच, तर क्रम पाळा. आधी शेवटची तपासणी कधी केली ते. मग चित्र न दाखवता, ‘अलीकडे अशी कोणती जाहिरात आठवते?’ शेवटी चित्रं दाखवा आणि त्यांत कधीच न झळकलेली एक बनावट जाहिरात मिसळा. समजा शंभरांतल्या साठांनी खरी ओळखली आणि वीसजणांनी बनावटही ‘पाहिली आहे’ म्हटलं, तर साठ हा आकडा अहवालात एकटा छापता येत नाही. ही युक्ती जवळपास फुकटात होते, तरी फार कमी अहवालांत दिसते.

ज्या ॲपवर जाहिरात दिली तिथूनच सर्वेक्षणाला माणसं गोळा केली, तर पोहोच उत्तमच दिसणार. शिवाय पुरुषांशी संबंध ठेवणारे कितीतरी जण स्वतःला गे किंवा बायसेक्शुअल म्हणवत नाहीत. ओळख विचारण्याऐवजी गेल्या सहा महिन्यांत कोणाकोणाशी संबंध आले ते विचारा, आणि स्त्रियांशीही संबंध असलेल्यांचे निकाल स्वतंत्र द्या. एकत्र सरासरीत ते बुडून जातात.

‘कंडोम वापरला का?’ एवढ्या एकाच प्रश्नावर धोका मोजणं आता जुनं झालं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासात, विषाणूभार (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) औषधांनी दबलेल्या जोडीदाराकडून गे जोडप्यांत एचआयव्हीची एकही लागण आढळली नाही. प्रेप, जोडीदाराचा विषाणूभार आणि कंडोम हे तिन्ही विचारावे लागतात. सिफिलिस आणि गनोरियापासून मात्र पहिली दोन वाचवत नाहीत, त्यामुळे त्यांचा हिशोब निराळा ठेवायचा.

आणखी एक नोंद बहुतेकदा राहूनच जाते: वेळ न मिळाल्याने परत गेलेले. जाहिरातीने दारापर्यंत आणलं आणि पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची निघाली, तर तपासण्यांचा आलेख सपाटच दिसेल आणि दोष पोस्टरच्या माथी बसेल. फोनवर आणि ऑनलाइन आलेली मागणी दर आठवड्याला लिहून ठेवा. सुरुवात मोहिमेच्या आधीपासून करा.